रिकाम्या रकान्याचं कुटुंब

ऑफिसात दोन गोष्टी न सांगता साचत जातात. एक म्हणजे कीबोर्डच्या फटीतला शेवेचा चुरा, आणि दुसरे किस्से. चुरा निदान कीबोर्ड उलटा करून झटकला की निघतो. किस्से निघत नाहीत. चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "अरे, ते परिवार-सूचीचं सांग ना!" आणि मग मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तर पहिल्यापासून. जळगावात एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही वेबसाइट बनवतो. मालक नाना. त्यांचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता, त्यामुळं बटण जोरात दाबलं की कॉम्प्युटर जास्त ऐकतो अशी त्यांची ठाम समजूत! प्रोग्रामर मी. रोज अमळनेरहून गाडीनं येतो, म्हणजे उशिरा येतो. आणि डेटा एंट्रीला सुशीलाअक्का. तिघांपैकी खरं काम फक्त अक्का करतात हे नानांनाही माहीत आहे आणि मलाही. आम्ही ते बोलून दाखवत नाही, इतकंच.

काम होतं एका समाजमंडळाचं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली त्यांची सगळी घरं, घरातली माणसं, शिक्षण, फोन नंबर, असं एक जाडजूड पुस्तक ते दर काही वर्षांनी छापायचे. या वेळी ठरलं की पुस्तक नको, वेबसाइट करायची. मंडळाचे सचिव आबा, धुळ्याचे निवृत्त मास्तर. भरलेल्या फॉर्मची तीन पोती घेऊन ते एसटीनं आले आणि जिना चढून पहिलं वाक्य बोलले, "यातला एक जरी कागद हरवला तरी एक घर हरवेल, लक्षात ठेवा!"

नानांनी नेहमीचं उत्तर दिलं. "होऊन जाईल."

*

आबांची पोती अक्कांनी उघडून बघितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मंडळाचं जुनं छापील पुस्तक आणलं. त्यातल्या एका पानात एसटीचं पिवळं पडलेलं तिकीट खुणेला घातलेलं होतं. अक्का त्याच समाजातल्या, सासर रावेरकडचं. ते पान त्यांच्या दिराचं होतं. दीर, त्यांची बायको, मुलं, मुलांची शिक्षणं, सगळं व्यवस्थित. सगळ्यांत खाली शेवटची ओळ, "वहिनी – १, पुतणी – १."

"ही मी," अक्का म्हणाल्या, "आणि ही माझी पोरगी."

अक्कांचे मिस्टर वारले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या जळगावात स्वतःच्या जिवावर राहतात, मुलीला धुळ्यात नर्सिंगला घातलंय. पण सोयरीक जमवणारी माणसं पुस्तक बघून फोन करतात, आणि पुस्तकात नंबर दिराचा. मागच्या वर्षी एका स्थळाला दिरानं परस्पर 'या बघायला' म्हणून सांगून टाकलं. अक्कांना कळलं ते पाहुणे रावेरच्या गाडीत बसल्यावर! मुलीची परीक्षा चालू होती.

"या वेळी माझं घर वेगळं दिसलं पाहिजे," अक्का म्हणाल्या. "माझं नाव, माझा नंबर. तुम्हाला येईल ना करता?"

मी अगदी सहज म्हणालो, "त्यात काय अक्का, एक क्वेरी लिहायची, कॉम्प्युटरला काय पाहिजे ते सांगायचं." तेव्हा मला माहीत नव्हतं की क्वेरी हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

*

आबांची पहिली मागणी साधी होती. गावाचं नाव वर ठळक, आणि खाली त्या गावातली घरं. पुस्तकात असतं तसं.

मी लूप लिहिला, म्हणजे तेच ते परत परत करायचा हुकूम. प्रत्येक घराला आधी गाव छाप, मग नाव छाप. आबांना दाखवलं. स्क्रीनवर आलं, अमळनेर, एक नाव. अमळनेर, दुसरं नाव. अमळनेर, तिसरं नाव. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि खालपर्यंत स्क्रोल करत मनातल्या मनात वाचत गेले.

मग म्हणाले, "ही सूची आहे, का स्टँडवर जीप भरताय?"

*

मग मी हुशारी केली. गाव एकदाच पाहिजे ना? डेटाबेसमध्ये 'ग्रुप बाय' नावाची सोय असते. तिला सांगितलं 'ग्रुप बाय गाव', की गावागणिक एकच ओळ. मी लिहिलं, गावं एकेकदाच आली, मी लिंक पाठवली आणि निवांत शेवभाजी खायला गेलो.

गावागणिक एकच ओळ म्हणजे घरंही गावागणिक एकच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाकीची सगळी घरं गायब! प्रत्येक गावात डेटाबेसला जे घर हाताला लागलं ते त्यानं ठेवलं होतं.

परत येतो तर नाना फोन कानाला लावून आबांना समजावत होते, "आबा, डेटाबेस म्हणजे एक कपाट असतं. माणसं सगळी कपाटातच आहेत."

पलीकडून आबांचा आवाज मलाही ऐकू आला, "मग त्यांना बाहेर काढा ना! गुदमरतील ती!"

पण खरा फोन त्यानंतर आला, मंडळाच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष चाळीसगावचे. त्यांच्या गावातून उरलेलं एकमेव घर होतं ते मंडळाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचं! बिचाऱ्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"भाऊ, मला नाही दाखवलं तरी चालेल," ते म्हणाले, "पण त्याला एकट्याला चाळीसगाव देऊ नका!"

*

ग्रुप बाय काढून टाकला. आता नवी युक्ती. आधीच्या ओळीचं गाव लक्षात ठेवायचं, आणि पुढच्या ओळीला गाव बदललं तरच नवं शीर्षक छापायचं. हीच बरोबर पद्धत, कोणत्याही प्रोग्रामरला विचारा. तरी चाळीसगाव पानावर सात ठिकाणी यायला लागलं. रावेर, चाळीसगाव, शिरपूर, परत चाळीसगाव. मी दोन दिवस लूपमध्ये डोकं घालून बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. अक्कांनी आबांचे फॉर्म जमिनीवर मांडले होते, प्रत्येक गावाचा वेगळा गठ्ठा. गठ्ठ्यांवर वजनाला स्टेपलर, चहाचा कप, नानांचं पेपरवेट, माझा माउस.

"तुम्ही पोत्यातून जसा हाताला येईल तसा कागद वाचताय," अक्का खाली बसूनच म्हणाल्या. "मग गाव परत परत येणारच ना? आधी गठ्ठे लावायचे. मग एक गठ्ठा संपला की दुसऱ्याची चिठ्ठी."

मी कपाळावर हात मारला. क्रम लावायचाच विसरलो होतो! एका ओळीचं काम. जरा मोठेपणानं म्हणालो, "अक्का, याला आमच्यात ऑर्डर बाय म्हणतात."

"म्हणत असतील," अक्का म्हणाल्या. "पंखा लावू नका."

*

गावं नीट लागली तर लोक गावावरूनच भांडायला लागले. फॉर्मवर 'सध्याचा पत्ता' आणि 'मूळ गाव' असे दोन रकाने होते. मी शहाणपणानं सध्याच्या पत्त्यावरून गट पाडले. धुळ्याच्या एका गृहस्थांचा फोन, चाळीस वर्षं धुळ्यात दुकान, नातवंडं तिथंच जन्मलेली. "मला धुळ्यात कोणी टाकलं? मी तिथला नाहीच!" म्हटलं, मग कुठले? तर तापीकाठच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. शेवटचे कधी गेला होतात? तर म्हणाले, "तो प्रश्न वेगळा!"

असे इतके फोन आले की आबांनी हुकूम काढला, मूळ गावावरूनच गट करा. केले. त्या खेड्याखाली एकदम भलीमोठी यादी आली. लगेच त्याच खेड्यातून एका म्हाताऱ्यांचा अहिराणीत फोन; तिकडं 'आहे'ला 'शे' म्हणतात.

"एवढी मानसं आमना गावमा? कोठे शेतस ती?"

मी विचारलं, "बाबा, गावात खरंच राहतं कोण?"

"मी शे," ते म्हणाले, "आनि मनी म्हैस शे."

*

मग कुटुंबप्रमुखाचा घोळ. आबांना आता गावाखाली नाही, कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली माणसं पाहिजे होती. म्हणजे 'कुटुंबप्रमुख' या रकान्यावरून गट. एका घरातून चार फॉर्म आले. तीन भाऊ, तिघांनीही प्रमुख म्हणून स्वतःचं नाव लिहिलेलं, आणि चौथा फॉर्म वडलांचा. मी फोन लावला तर वडिलांनीच उचलला. "प्रमुख मीच. मी आजून मरेल नही!"

आबांना विचारलं, घर एक धरू का चार? आबा मास्तर माणूस. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नियम लिहून दिला, "जितक्या चुली तितकी कुटुंबं." मला तर तो नियम फारच आवडला. इतका स्वच्छ नियम मला कॉलेजातही कोणी सांगितला नव्हता.

अक्का टाइप करता करता थांबल्या. "आबा, माझी चूल अकरा वर्षांपासून वेगळी आहे."

आबा पेनाचं टोपण लावत राहिले. "तुझं वेगळं आहे, सुशीला. प्रमुख लागतो ना."

"मी आहे की."

"तसं नियमात नाही. मुलगा असता तर त्याचं नाव घातलं असतं." मग आबांना स्वतःलाच बरं वाटलं नसावं. म्हणाले, "असं कर, तुझा वेगळा फॉर्म भर, पण प्रमुखाचा रकाना कोरा ठेव. अशा ज्या ज्या बाया असतील त्यांनाही मी तेच कळवतो. सभेत ठरवू."

अक्कांनी आबांचा स्वतःचा फॉर्म त्यांच्यासमोर धरला. "आणि या वत्सलाबाई? तुमच्या घरात लिहिल्यात. धुळ्यात राहतात का?"

"माझी मोठी बहीण. राहते अमळनेरला. शिवणकाम करते, स्वतःचं घर आहे तिचं," आबा म्हणाले. "पण मेहुणे गेल्यावर तिचं माझ्याशिवाय कोण आहे?"

अक्कांनी फॉर्म परत घेतला. वत्सलाबाईंना त्यांनी आबांच्या घरात टाइप केलं. मला त्या दिवशी कॅलेंडरकडं बघवेना.

*

त्यानंतर आठवड्याभरात रावेरचा गठ्ठा निघाला आणि त्यात अक्कांच्या दिराचा फॉर्म. अक्कांनी तो इतरांसारखाच भरायला घेतला. दीर, जाऊ, मुलं, सुना. शेवटच्या ओळीवर येऊन त्यांनी मला हाक मारली. तिथं दिरानं सवयीनं तेच लिहिलं होतं, "वहिनी – १, पुतणी – १."

"नावाचा रकाना कोरा ठेवला तर माणूस सेव्ह होतो का हो?"

"नाही अक्का. नाव कंपल्सरी आहे. नाव नसेल तर सिस्टिम घेतच नाही."

"बरी आहे तुमची सिस्टिम," अक्का म्हणाल्या, आणि फॉर्म उचलून झालेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

*

सभा झाली. आबा येऊन सांगून गेले. वेबसाइटच्या उद्घाटनाला जेवण ठेवायचं की नाश्ता, यावर दोन तास गेले आणि कोऱ्या रकान्याचा विषय राहून गेला. नानांनी त्यांना धीर दिला, "होऊन जाईल."

मी अक्कांकडं बघायचं टाळत होतो. अक्काच म्हणाल्या, "कोरा तर कोरा. निदान दिराच्या पानावर तरी नाही मी."

*

आता उद्घाटन. रविवारी सकाळी जळगावातलं एक मंगल कार्यालय, दोन्ही जिल्ह्यांतून आलेली माणसं, पुढं पुरुष, डावीकडं बायका, मधे प्रोजेक्टर. लॅपटॉपवर अक्का, कारण त्यांच्याइतकं भरभर कोणाचं बोट चालत नाही. शेजारी मी, कारण काही बिघडलं तर शिव्या खायला कोणीतरी पाहिजे. स्टेजवर अध्यक्ष, माईकवर आबा.

अध्यक्षांनी नारळ फोडला, माउसला हळद-कुंकू लावलं आणि क्लिक केलं. पडद्यावर पान उघडलं, 'कुटुंबप्रमुखानुसार सूची'.

आता माझी चूक सांगतो. शहाण्या माणसानं प्रत्येक घराला नंबर दिला असता आणि नंबरावरून गट पाडले असते. मी गट पाडले प्रमुखाच्या नावावरून. आणि आमच्या डेटाबेसची रीत अशी की ज्यांचा रकाना कोरा, ते सगळे एकाच गटात. वर क्रम लावला की कोरे सगळ्यांत आधी!

त्यामुळं पडद्यावर पहिलं कुटुंब आलं ते असं. कुटुंबप्रमुख, पुढं काहीच नाही. आणि त्याखाली बायकाच बायका. शिरपूरच्या, पारोळ्याच्या, चाळीसगावच्या, साक्रीच्या. कोणी साठीच्या, कोणी तिशीच्या, त्यांच्या पोरी, एकीची सासूसुद्धा. अक्का आणि त्यांची मुलगी बरोबर मधे. खाली आकडा, सदस्य त्रेसष्ट. अख्ख्या समाजातलं सगळ्यांत मोठं कुटुंब!

पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी हसलं. आबा माईकवर गडबडीनं म्हणाले, "तांत्रिक चूक आहे. मंडळी, ही वेगवेगळी घरं आहेत. प्रमुखाचं नाव राहिलंय."

डाव्या बाजूला एक बाई उभी राहिली. "नाव ऱ्हायनं नही, आबा. तुम्हीच कोरं ठेवा म्हनेल होतं." मग पडद्याकडं बोट दाखवून शेजारणीला म्हणाली, "देख, मी शे त्या घरमा!"

"मी बी शे!" मागून दुसरी उठली. तिसरी उठली. दोन मिनिटांत बायका एकमेकींना शोधायला लागल्या. साक्रीची कोण? तूच का ती? तुना फोन नंबर काय? पडद्यावर एका घरात आलेल्या बायका खाली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. हसत होत्या, एक-दोघी डोळेही पुसत होत्या. मी मान खाली घालून लॅपटॉपकडं सरकलो आणि म्हणालो, "अक्का, पान बंद करू का?"

"थांबा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी स्वतःचा भरलेला फॉर्म उघडला. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. अक्कांनी एकेक अक्षर सावकाश टाइप केलं, स्वतःचं पूर्ण नाव. खाली स्वतःचा फोन नंबर. सेव्ह. पान परत उघडलं तेव्हा मोठ्या कुटुंबातून दोन माणसं कमी झाली होती आणि खाली एक नवं घर उभं राहिलं होतं. प्रमुख, सुशीला.

अध्यक्षांनी आबांकडं पाहिलं, आबांनी हातातल्या माईककडं.

अक्का मागं वळल्या आणि ऑफिसात दिवसभर विचारतात त्याच आवाजात विचारलं, "पुढची कोण?"

आणि रांग लागली, साहेब! जेवणाच्या पंक्तीला लागत नाही अशी रांग. अक्का विचारत होत्या, नाव? गाव? प्रमुखाचं नाव? आणि प्रत्येक बाई पहिलं आणि तिसरं उत्तर एकच देत होती. नानांनी सगळ्यांना पाणी आणून दिलं. इतक्या वर्षांत नानांना काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात रांग मोडून आबाच पुढं आले. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना दंडाला धरून आणलं होतं. मला वाटलं, आता बंद करायला सांगणार.

"सुशीला, ही वत्सलाताई," आबा हळूच म्हणाले. "हिचे गुडघे दुखतात. उभं राहवत नाही. हिला जरा आधी घे."

अक्कांनी खुर्ची पुढं सरकवली. वत्सलाबाईंचं नाव कोऱ्या रकान्यात नव्हतंच. अक्कांनी आबांचं घर उघडलं, त्यातून त्यांची ओळ काढली, नवं पान घेतलं.

"गाव?"

"अमळनेर."

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

वत्सलाबाईंनी सवयीनं मान वळवून आबांकडं पाहिलं.

"ताई, मनाकडे काय देखस?" आबा म्हणाले. "तुनं नाव तुले याद नही का?"